बदलली ती भूक

वजन कमी झाल्यावर माझं जे कौतुक झालं, ते मला मान्य नाही. शस्त्रक्रियेपूर्वी माझं वजन 118 किलो होतं, आज 79 आहे. उंची पाच फूट दोन इंच. या आकड्यांचा मला मनापासून आनंद आहे. पण लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्या, आत्या, जुन्या शेजारणी हात हातात घेऊन म्हणतात, "मानलं बाई तुला, काय ताबा ठेवलास जिभेवर!" तेव्हा मला नुसती मान डोलवून पुढे जाता येत नाही. कारण हीच माणसं इतकी वर्षं मला जिभेवर ताबा ठेवायला सांगत होती. त्यांच्या हिशेबात मी आधी बेताल होते आणि आता संयमी झाले. मधल्या काळात माझा स्वभाव बदलला नाही, निश्चय बदलला नाही, कामाची शिस्तही तीच आहे. बदल झाला तो भुलेखाली, टेबलावर, काही तासांत आणि दुसऱ्याच्या हातानं. तेवढ्या वेळात बेताल माणूस संयमी होत नसतो. म्हणजे आधीचा ठपकाही खोटा होता आणि आताची शाबासकीही खोटी आहे.

माझ्यावर झाली ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून, पोटावर छोटी छिद्रं पाडून, जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग उभा कापून कायमचा काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी. लोकांना वाटतं, जागाच उरली नाही म्हणून माणूस कमी खातो. जागेचा भाग आहेच, पण तो अर्धाच. जो भाग कापून टाकला जातो, त्याच्या वरच्या फुगीर अंगात घ्रेलिन नावाचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. 1999 मध्ये जपानमधल्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांच्या गटानं ते शोधून काढलं. जेवणाआधी रक्तात त्याची पातळी चढते आणि 'आता खा' हा निरोप मेंदूला पोचतो. जेवण झालं की ती उतरते. स्लीव्हनंतर हा निरोप क्षीण होतो. शिवाय अन्न लहान आतड्यात लवकर पोचतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारी दुसरी संप्रेरकं जास्त जोरानं काम करू लागतात.

हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. मी बँकेत नोकरी करते. महिन्याच्या आढावा बैठकीत टेबलावर कचोऱ्यांची आणि ढोकळ्याची ताटली येते. पूर्वी ती ताटली आत आली, की माझी अर्धी बैठक तिच्याशीच चाललेली असायची. थकीत कर्जांची यादी समोर असताना, तिकडे न बघताही मला ठाऊक असायचं, किती कचोऱ्या उरल्या, कोणी दुसरी उचलली, मी हात पुढे केला तर कोणाची नजर त्या हातावर जाईल. मी खाल्लं नाही तरी हे चालूच. उलट खाल्लं नाही तर जास्त. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी अशाच एका बैठकीतून बाहेर पडताना सहकारी म्हणाली, "मॅडम, आजच्या कचोऱ्या अगदीच मऊ पडल्या होत्या ना?" मी थबकले. कचोऱ्या होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की बारीक माणसं आयुष्यभर अशाच बैठकांना बसत आली आहेत. त्यांना ताटलीशी झगडावंच लागत नव्हतं. जे युद्ध त्यांनी कधी लढलंच नाही, त्यात हरल्याबद्दल ती मला उपदेश करत होती. हे मी रागानं लिहीत नाही. दुसऱ्याची भूक कोणालाच दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक जण आपल्याच भुकेवरून जगाचं माप काढतो.

भूक माणसाचं काय करते, याचा एक जुना आणि भरभक्कम पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण धडधाकट होते आणि सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून त्यांनी युद्धात शस्त्र धरायला नकार दिला होता. म्हणजे निश्चयाच्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशानं घटलं आणि त्यांचं जग फक्त अन्नापुरतं उरलं. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, घास घोळवत राहायचे, चिडायचे, उदास व्हायचे. त्यांना दिवसाला मिळणारा आहार साधारण 1,570 कॅलरींचा होता. आपल्याकडे वजन उतरवण्यासाठी लिहून दिले जाणारे अनेक डाएट चार्ट यापेक्षा कमी कॅलरींचे असतात. ते पाळताना बाई चिडचिडी झाली, की घरातले म्हणतात, हिच्याच्यानं एक गोष्ट धड होत नाही.

डाएट केल्यावर शरीर गप्प बसत नाही, हे पुढे मोजून सिद्ध झालं. 2002 मध्ये डेव्हिड कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ व्यक्तींचं दिवसभराचं घ्रेलिन मोजलं. आहारानं वजन सतरा टक्क्यांनी उतरलं, तेव्हा घ्रेलिन चोवीस टक्क्यांनी चढलं होतं. ज्यांची गॅस्ट्रिक बायपास ही वजनाची दुसरी शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्यात मात्र वजन कितीतरी जास्त उतरूनही घ्रेलिन अगदी तळाला होतं. 2011 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं, की दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर भुकेच्या संप्रेरकांत झालेले बदल वर्ष उलटलं तरी टिकून असतात. वर्षभरानंतरही शरीर गेलेलं वजन परत मागत असतं. मी कितीदा दहा-बारा किलो उतरवले आणि ते व्याजासकट परत आले, हे माझ्या घरात सगळ्यांनी पाहिलं आहे. प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच निघाला, की हिनं पुन्हा ढिलाई केली. एवढ्या वेळा उतरवायला किती निश्चय लागला असेल, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

स्वीडनमध्ये 1987 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात दोन हजारांवर लठ्ठ माणसांवर शस्त्रक्रिया झाली आणि जवळपास तेवढ्याच माणसांवर त्या-त्या ठिकाणचे नेहमीचे उपचार, म्हणजे मुख्यतः सल्ला. 2007 मध्ये लार्स स्योस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. सल्ल्यावर राहिलेल्यांचं सरासरी वजन इतक्या वर्षांत दोन टक्क्यांहून जास्त हललंच नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन बऱ्यापैकी उतरलेलं राहिलं आणि त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. दोन हजार स्वीडिश माणसं एकजात आळशी होती, असं कोणी म्हणणार असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वजनाच्या शस्त्रक्रियेचा उगमही सौंदर्याच्या हव्यासात नाही. आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी पाहिलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन नंतर वाढत नाही. त्यावरून त्यांनी 1966 मध्ये पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. 1995 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीज यांनी आपल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. बायपासनंतर बहुतेकांचा मधुमेह आटोक्यात आला होता, आणि तोही वजन फारसं उतरण्याआधी, काही दिवसांतच. मी रुग्णालयातून घरी आले तेव्हा वजनाचा काटा जेमतेम हलला होता, पण माझं इन्सुलिन बंद झालं होतं. रोज पोटाच्या कातडीत सुई टोचणाऱ्या माणसाला विचारा, याची किंमत काय. रात्री तोंडावर मास्क लावून झोपायचं मशीन त्यानंतर काही महिन्यांनी सुटलं. त्याआधी कित्येक वर्षं माझ्या नवऱ्याची झोप माझा श्वास अडकला की उडायची. आता तो सलग झोपतो.

आपल्या मुलखासाठी हा विषय आणखी जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, 22.3, अगदी एकसारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी लपलेली असते, आणि पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा व बाळांचा अभ्यास करून याज्ञिकांनी तिची मुळं गर्भातल्या कुपोषणापर्यंत नेली. ज्यांच्या आज्यांनी दुष्काळात मदतीची मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली, त्यांच्या नातींच्या शरीरावर आज चरबी का साचते, याचं उत्तर केवळ त्या नातींच्या ताटात शोधणं अन्यायाचं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. देशातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याचा संयम एकाच पिढीत सुटला, असं मानायचं का? बदलले ते बाजारातलं तेल, साखर, मैदा, कामाचं स्वरूप, झोपेच्या वेळा. आणि या बदलाला प्रत्येक शरीरानं आपापल्या घडणीप्रमाणे प्रतिसाद दिला.

ठपका नुसता शब्दांपुरता राहिला असता, तर मी हा लेख लिहिला नसता. त्यानं उपचार अडतात. गुडघा दुखतो म्हणून गेले, तर 'आधी वजन कमी करा'. पाळी अनियमित आहे, तर 'आधी वजन कमी करा'. धाप लागते, तरी तेच. एका डॉक्टरांनी मला तपासण्याआधी, मी खुर्चीत बसण्याआधी, हे वाक्य ऐकवलं. घोरणं, दिवसा येणारी झापड, सकाळची डोकेदुखी या सगळ्याचा एकत्र विचार करून झोपेची तपासणी लिहून द्यायला पुढे दुसऱ्या डॉक्टर भेटाव्या लागल्या. त्या मधल्या काळात मी गाडी चालवत होते. लठ्ठ माणूस दवाखान्यात जायचं टाळतो ते याचमुळे. तिथं आजाराआधी त्याच्या चारित्र्याची तपासणी होते.

समाज लठ्ठ शरीराकडे कसा बघतो, ते 2017 च्या फेब्रुवारीत मुंबईनं दाखवून दिलं. इमान अब्देल अत्ती या इजिप्तच्या महिलेला शस्त्रक्रियेसाठी मालवाहू विमानातून आणलं आणि क्रेननं उचलून रुग्णालयात नेलं. देशभरातल्या वाहिन्यांनी ते दाखवलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिचं अबू धाबीत निधन झालं. लोकांना आज ती आठवते ती किलोच्या आकड्यानं आणि क्रेनच्या दृश्यानं. आजारी बाईचा चेहरा झाकण्याइतकीही जाण त्या दिवशी कॅमेऱ्यांमागे नव्हती.

आता शस्त्रक्रियेविरुद्धचे आक्षेप. त्यातला सर्वांत गंभीर आक्षेप हा, की धडधाकट अवयव कापून टाकणं योग्य आहे का. माझ्या सासूबाईंनी हाच प्रश्न विचारला होता, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार होता. माझं उत्तर असं, की ज्या जठरातून निघणारा निरोप मला मधुमेहाकडे आणि गुदमरणाऱ्या झोपेकडे ढकलत होता, ते जठर दिसायला धडधाकट असलं तरी माझ्या जिवाच्या हिताचं राहिलं नव्हतं. पण हा सौदा फुकटचा नाही आणि ते लपवणाऱ्या जाहिरातींचा मला संताप येतो. स्लीव्हमध्ये कापलेलं जठर परत जोडता येत नाही. टाक्यांच्या रेषेतून गळती होण्याचा, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा असला तरी असतो. पुढे पित्ताचे खडे होऊ शकतात. अनेकांना छातीत जळजळ सुरू होते. मलाही झाली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळाले. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-12 हे सगळं आयुष्यभर घ्यायचं आणि रक्त नियमित तपासायचं. शाकाहारी घरात पुरेसं प्रोटीन पोटात जाणं ही रोजची कसरत आहे. काही वर्षांनी थोडं वजन परत येतं, काहींचं बरंच येतं.

आणि खाणं. सुरुवातीचे दिवस औषधाच्या बाटलीच्या टोपणानं पाणी प्यायचं, एक टोपण, मग थांबायचं, मग दुसरं. मग वरणाचं निवळ पाणी, ताक, दूध. मग मऊ भात, पाव वाटीसुद्धा पुरी संपत नाही. जेवताना पाणी नाही. एक घास जास्त झाला, की छातीच्या मधोमध काहीतरी अडकून बसतं, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांत पाणी येतं आणि पंगतीतून उठून बाहेर जावं लागतं. त्यात आपल्याकडची आग्रहाची रीत. "एक तरी जिलेबी घ्याच, आमच्या मुलीचं लग्न आहे" असं म्हणून यजमान ताटावर उभे राहतात, आणि नाही म्हणणं हा त्यांचा अपमान ठरतो. हा सोपा मार्ग आहे, असं म्हणणाऱ्यांनी एका लग्नात माझ्या शेजारी बसावं.

तरीही मी शस्त्रक्रियेच्या बाजूनं का? कारण हे सगळं करता येण्याजोगं आहे. भुकेचा आवाज उतरल्यावर शिस्त पाळता येते. आधीही मी शिस्तच पाळत होते, फक्त आतून येणारी ओढ तिच्यापेक्षा बलवान होती. ही ओढ सैल करणारी औषधं आता आली आहेत. 2025 मध्ये टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनासाठीची इंजेक्शनं भारतात मिळू लागली. तीसुद्धा भूक आणि तृप्ती यांच्या निरोपांवरच काम करतात. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. औषध होतं तोवर ती माणसं निग्रही आणि बंद केल्यावर बेताल, असं कोणाला म्हणता येईल का? रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब चढतो, त्याला आपण चारित्र्याचा दोष म्हणत नाही.

या ठपक्याची शेवटची किंमत पैशांत मोजली जाते, आणि ती गरिबाला सर्वांत जड जाते. खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेला काही लाख रुपये लागतात. माझ्या विमा कंपनीनं पहिल्यांदा दावा फेटाळला, कारण त्यांच्या लेखी ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया होती. इन्सुलिनच्या चिठ्ठ्या आणि झोपेच्या तपासणीचा अहवाल दुसऱ्यांदा पुढे केल्यावर तो मंजूर झाला. विमा नियामकाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेला मधुमेह यांपैकी एक, अशी अट आहे. हे 40 आणि 35 चे आकडे 1991 च्या अमेरिकी निकषांतले. खुद्द त्या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये ते खाली आणले आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असं सांगितलं. ज्या देशातल्या डॉक्टरांनी 22.3 बीएमआयमध्ये लपलेली चरबी जगाला दाखवली, त्या देशाचा विमा अजून 35 आणि 40 ची वाट बघतो आहे.

2011 मध्ये नितीन गडकरींनी वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली, 2014 मध्ये अरुण जेटलींनी. त्यांना मिळाला तो उपचार जालन्याच्या किंवा गडचिरोलीच्या इन्सुलिनवर असलेल्या अंगणवाडी सेविकेलाही मिळायला हवा. म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. विमा नियामकानं बीएमआयचे निकष भारतीय शरीराप्रमाणे बदलावेत. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही शस्त्रक्रिया व्हावी आणि तिच्यासोबत आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आयुष्यभराची रक्ततपासणी असावी, कारण पाठपुराव्याशिवाय केलेली शस्त्रक्रिया हा रुग्णावर केलेला अन्याय आहे. डॉक्टरांनी लठ्ठ रुग्णाला आधी बसू द्यावं, मग तपासावं, मग बोलावं. आणि तुमच्या घरात कोणी शस्त्रक्रियेचा निर्णय घेत असेल, तर तिच्या निश्चयाची परीक्षा घेऊ नका आणि नंतर तिचं कौतुकही करू नका. तिला विचारा, "गोळ्या घेतल्यास का? यंदाची बी-12 ची तपासणी झाली का?" आणि नसेल झाली, तर तिच्यासोबत जा.